झोपेचा हंगाम : डेलिया, ऊद सलीब आणि जुन्नर-आंबेगावची माती

परदेशी बागकामाच्या पुस्तकांत डेलिया आणि पिओनी या दोन फुलांच्या प्रकरणात शेवटी एक सूचना हमखास असते : हिवाळ्यात काय करायचे. बर्फ पडण्याच्या सुमारास डेलियाचे कंद उकरून घरात आणा. पिओनीला मात्र हात लावू नका, तिला जमिनीतच थंडी खाऊ द्या. आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेला, लोणीसारख्या गावात बसून हे वाचले की गंमत वाटते. आमच्याकडे डेलिया फुलतो तोच मुळी हिवाळ्यात. त्याला जपायचे ते एप्रिल-मेच्या उन्हापासून आणि त्यानंतरच्या दमट हवेपासून. पुस्तकातले महिने आमच्या कामाचे नाहीत.

तरीही ती सूचना टाकाऊ नाही. ती एक मोठी गोष्ट सांगते : काही झाडे वर्षातला एक काळ झोपतात, आणि ती झोप मोडली तर फुलत नाहीत. ही दोन फुले आपल्याकडे कशी पोचली, एक कुंडीत का रुजले आणि दुसरे बरणीतच का राहिले, हा इतिहास या झोपेशी बांधलेला आहे. त्यात आपल्या दोन ओळखीच्या आडनावांचाही वाटा आहे : बागवान आणि अत्तार.

मेक्सिकोच्या डोंगरातला कंद

डेलिया मूळचा मेक्सिकोच्या डोंगराळ भागातला. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने आपला वैद्य फ्रान्सिस्को हर्नांडेझ याला 1570 च्या दशकात तिकडच्या वनस्पतींची नोंद करायला पाठवले. त्याच्या टिपणांत या फुलाचे वर्णन सापडते. तिथल्या लोकांच्या भाषेत त्याचे एक नाव होते अकोकोत्ली, म्हणजे साधारण 'पाण्याची नळी', कारण त्याचा दांडा पोकळ असतो. 1789 मध्ये मेक्सिको शहराच्या वनस्पती उद्यानातून व्हिसेंते सेर्व्हांतेस याने बिया माद्रिदला पाठवल्या. तिथल्या शाही बागेतल्या कावानिलेस या पाद्री-शास्त्रज्ञाने 1791 मध्ये स्वीडनच्या आंद्रेयास डाल याच्या नावावरून त्याला डेलिया म्हटले. युरोपात सुरुवातीला काहींना वाटले होते की बटाट्यासारखा हाही कंद खाण्यासाठी चालेल. चव काही लोकांना पटली नाही, पण फूल पटले. पुढे 1963 मध्ये मेक्सिकोने डेलियाला आपले राष्ट्रीय फूल ठरवले.

या सगळ्यात एक मुद्दा सहज निसटतो. मेक्सिकोत पाऊस उन्हाळ्यात पडतो आणि हिवाळा कोरडा जातो. म्हणजे डेलियाचा कंद तिथे झोपतो तो कोरडेपणामुळे. बर्फाची सवय त्याला नव्हतीच. युरोपात गेल्यावर तिथल्या माळ्यांनी त्याला तळघरात कोरड्या वाळूत निजवले, तेव्हा नकळत त्यांनी त्याच्या मायदेशातला कोरडा हंगामच तयार केला. दुष्काळी भागातल्या माणसाला ही झोप नवी नाही. आपल्या सह्याद्रीतली कळलावी आणि रानहळदही असेच करतात. पाने वाळतात, देठ मोडतो, जमिनीवर खूणसुद्धा उरत नाही. आणि पहिल्या पावसानंतर कोंब वर येतो.

बाग या शब्दाची मुळे

डेलिया भारतात आला एकोणिसाव्या शतकात, इंग्रजांच्या बागांमधून. पण तो ज्या मुलखात आला तो काही बागकामाला नवखा नव्हता. मलिक अहमदने 1490 मध्ये बहमनी सत्तेपासून वेगळे होऊन निजामशाही उभी केली, तेव्हा तिची पहिली राजधानी जुन्नर होती. त्याच वर्षी 28 मे रोजी त्याने बहमनी फौजेचा पराभव केला. या लढाईला इतिहासात 'जंग-ए-बाग' असे नाव पडले, आणि विजयाच्या जागी त्याने बागच लावली : बाग निजाम. पुढे तिथेच अहमदनगरचा, आताच्या अहिल्यानगरचा, भुईकोट किल्ला उभा राहिला. त्या शहरातली फराह बाग आणि हश्त बिहिश्त बाग, आणि डोंगराकडून खापरी नळांनी खेळवलेले पाणी, हा सगळा त्याच परंपरेचा विस्तार. जुन्नरला लागून असलेल्या हापूसबाग या गावाच्या नावात तो शब्द आजही आहे.

बाबराने आपल्या आठवणींत काबूलच्या आसपासच्या टेकड्यांवरच्या ट्यूलिपचे प्रकार मोजवून घेतल्याचे लिहिले आहे. ते बत्तीस-तेहेतीस भरले. ट्यूलिपही कंदाचेच झाड आणि झोपाळूच. जहांगीर काश्मीरला गेला तेव्हा उस्ताद मन्सूरने तिथल्या शंभराहून जास्त फुलांची चित्रे काढली, असे तो स्वतः नोंदवतो. आपल्या इतिहासाच्या धड्यांत या बादशहांच्या लढाया येतात, ही मोजणी आणि ही चित्रे येत नाहीत. आणि बादशहाचे नाव तरी लिहिलेले असते. ज्याने खड्डा खणला, पाट फिरवला, कलम बांधली त्याचे नाव कुठेच नसते. त्याची आठवण राहिली ती फक्त आडनावात. महाराष्ट्रात गावोगावी फळे आणि भाजी विकणारे बागवान आहेत. त्यांच्यातल्या कितीतरी जणांकडे आज गुंठाभरही बाग नाही, पण आडनाव अजून बाग राखणाऱ्याचे आहे.

दापोडी, हिवरे आणि एक पुरवणी

इंग्रजांच्या काळात बागेचा हेतू बदलला. 1820 मध्ये कलकत्त्यात शेती आणि बागकामाची संस्था काढणारा विल्यम कॅरी हा तोच मिशनरी, ज्याने 1805 मध्ये मराठीचे व्याकरण आणि 1810 मध्ये मराठी कोश छापला. मराठी शिकवणारी म्हणून मला या योगायोगाचे अप्रूप वाटते : परक्या भाषेचे नियम शिकणे आणि परक्या मातीत रोप लावणे, दोन्ही कामे एकाच माणसाने केली.

पुण्याजवळ दापोडीला 1828 मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम याच्या काळात वनस्पती उद्यान सुरू झाले. 1838 पासून त्याचा अधीक्षक होता अलेक्झांडर गिब्सन, स्कॉटलंडचा डॉक्टर. त्याच्याच हाताखाली आमच्या जुन्नर तालुक्यात हिवरे येथे दुसरी बाग होती. तिथे औषधी वनस्पती लावून लष्करी दवाखान्यांसाठी औषधे बनवली जात. हाच गिब्सन 1847 मध्ये मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक झाला. 1861 मध्ये त्याने डॅल्झेल याच्याबरोबर मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या ग्रंथाची मांडणी पाहण्यासारखी आहे. इथली मूळची झाडे मुख्य भागात, आणि बाहेरून आणलेली, इथे रुळलेली झाडे शेवटी पुरवणीत.

साधारण त्याच काळात, 1857 मध्ये, मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली होती. तिच्यातही अशीच सोय आहे : शब्द संस्कृतातून आला असेल, फारसीतून आला असेल किंवा अरबीतून, तर पुढे एका अक्षराची खूण. एका पुस्तकात झाडांची पुरवणी, दुसऱ्यात शब्दांच्या खुणा. दोन्ही ठिकाणी मूळ कुठले ते प्रामाणिकपणे सांगितले आहे. पण खूण आहे म्हणून मोल्सवर्थने 'बाग', 'कलम', 'बहर' हे शब्द कोशाबाहेर काढले नाहीत. ते मराठीच शब्द म्हणून छापले. मूळ सांगणे ही माहिती असते, शिक्षा नसते, हे त्या कोशकाराला कळत होते.

लोणीतली कुंडी

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. आमच्या भागात डेलिया लावायचा तो पावसाचा जोर सरल्यावर, सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात. साठवलेले कंद आधी ओलसर वाळूत ठेवून डोळे फुटू द्यायचे. इथे बटाटा आणि डेलिया यांतला फरक ध्यानात ठेवावा लागतो. बटाटा हा मुळात फुगलेला खोडाचा भाग, त्याच्या अंगभर डोळे असतात. म्हणून सातगाव पठारावरचा शेतकरी बटाट्याच्या फोडी करून लावू शकतो. डेलियाचा कंद म्हणजे फुगलेले मूळ. त्याचा डोळा फक्त वरच्या मानेपाशी, जुन्या देठाच्या बुडाला असतो. मान मोडलेला कंद कितीही टपोरा असला तरी त्यातून झाड येत नाही. तेव्हा गड्डा फोडताना प्रत्येक तुकड्याबरोबर मानेचा एक डोळा जायलाच हवा.

माती पाण्याचा निचरा होणारी हवी. निव्वळ काळी माती असेल तर तिच्यात वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. रोपाला पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की शेंडा खुडायचा, म्हणजे फांद्या फुटतात. काठी लावताना आधीच रोवावी, नंतर रोवली तर कंदाला भोक पडते. मोठे फूल हवे असेल तर प्रत्येक फांदीवर मधली कळी ठेवून बाजूच्या काढाव्यात. डिसेंबर ते फेब्रुवारी हा बहराचा काळ. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये दर जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरते. ते भरवणारी पश्चिम भारताची कृषी-बागकाम संस्था 1830 पासूनची आहे. प्रदर्शनाचा महिना म्हणजे आपल्याकडच्या फुलांच्या हंगामाचे कॅलेंडरच.

मार्चमध्ये उन्हाचा चटका वाढला की पाने पिवळी पडू लागतात. अनेक जण इथेच घाबरून पाणी वाढवतात, आणि कंद कुजतो. करायचे ते उलट : पाणी हळूहळू कमी करत बंद करायचे. आमच्या भागातल्या डाळिंबवाल्याला हे सांगावे लागत नाही. तो याला 'ताण देणे' म्हणतो. पाणी तोडले की झाड पाने टाकते, विसावा घेते, आणि मग बहर धरला की एकदम फुलते. डेलियालाही हाच ताण द्यायचा. देठ पूर्ण वाळला की जमिनीपासून वीतभर ठेवून कापायचा, आणखी आठ-दहा दिवस थांबायचे, मग कडेकडेने माती सैल करून गड्डा अलगद उचलायचा. सावलीत सुकवून, जातीची चिठ्ठी बांधून, कोरड्या वाळूत किंवा राखेत मातीच्या मडक्यात ठेवायचा. मडके घराच्या सगळ्यात थंड आणि अंधाऱ्या कोपऱ्यात. तोंडाला कापड बांधायचे, घट्ट झाकण नको. हवा लागली पाहिजे.

महिन्यातून एकदा मडके उघडून बघावे. एखादा कंद मऊ पडला असेल तर तो काढून टाकायचा, सुरकुतला असेल तर वाळूवर पाण्याचा हलका शिपका मारायचा. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत हे बघणे चुकवू नये. पश्चिमेकडे भीमाशंकरच्या बाजूला, जिथे पाऊस आठ-आठ दिवस खळत नाही, तिथे कंद टिकवणे अवघड. लोणी-धामणीचा भाग त्याच तालुक्यातला, पण पर्जन्यछायेचा. पावसाने दगा दिला म्हणून आम्ही जिला कायम नावे ठेवतो ती कोरडी हवा या कंदाला मानवते.

यातले तंत्र युरोपातून आले असे म्हणायची गरज नाही. आपल्या शेतकऱ्याने बटाट्याची आरण लावली, झाडाच्या सावलीत ढीग करून वर पालापाचोळा अंथरला, कांद्यासाठी खालून हवा खेळणारी चाळ बांधली, ती याच नियमांवर : सावली, कोरडेपणा, हवा आणि अधूनमधून सडका माल वेगळा काढणे. डेलिया नवा होता, त्याला निजवायची रीत घरात होती.

जी फूल म्हणून आलीच नाही

पिओनीची गोष्ट वेगळी. तिच्या जमिनीवर वाढणाऱ्या जाती हिवाळ्यात मुळापर्यंत मरतात आणि जमिनीखाली लालसर डोळे ठेवून झोपतात. त्या डोळ्यांना कित्येक आठवड्यांची सलग, गोठणबिंदूच्या आसपासची थंडी मिळाली तरच पुढच्या वसंतात कळी येते. डोळे दोन इंचांहून खोल पुरले तरी ती फुलायला कुरकुरते. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत एखाद्या रात्री पारा दहाच्या खाली जातो, पण दुपारी पुन्हा तिशीकडे चढतो. तेवढ्याने तिची झोप पूर्ण होत नाही. दुकानातून मुळे मागवून कुंडीत लावली तर एखादे वर्ष पाने दिसतील, मग झाड खंगत जाते. कुंडीवर बर्फाचे तुकडे टाकण्याचे उपाय लोक सांगतात; महिनोन् महिने ते कोण करणार? हौशी माणसाने हे स्वीकारावे आणि पैसे वाचवावेत.

पण ती आपल्याला अनोळखी आहे का? अजिबात नाही. तिचे ग्रीक नाव देवांचा वैद्य पायऑन याच्यावरून पडले. जालीनूस, म्हणजे गॅलेन, याने मिरगी येणाऱ्या एका मुलाच्या गळ्यात तिची मुळी बांधल्याची हकीकत लिहिली. तेच नाव अरबीत 'फावानिया' झाले, आणि बू अली सीनाच्या 'अल-कानून'मध्ये औषधांच्या यादीत आले. युनानी हकिमांनी तिच्या मुळीला ऊद सलीब म्हटले, म्हणजे क्रूसाचे लाकूड, कारण मुळी आडवी कापली की आत क्रूसासारख्या रेघा दिसतात. काश्मीर आणि पश्चिम हिमालयात तिची एक जात रानात वाढते. तिची मुळी तिकडे मामेख नावानेही विकली जाते. मिरगी आणि लकवा यांसाठी युनानी वैद्यकात ती शतकानुशतके वापरात आहे. (एक सूचना : ही इतिहासाची नोंद आहे. मिरगीच्या रुग्णाने डॉक्टरांचा सल्ला आणि चालू औषध सोडून कुठलीही मुळी घेऊ नये.)

म्हणजे ज्या झाडाला आपली माती मानवली नाही, ते वाळलेली मुळी होऊन अत्ताराच्या बरणीतून आपल्यापर्यंत आले. अत्तार म्हणजे केवळ सुगंध विकणारा नव्हे; जुन्या अर्थाने जडीबुटी विकणारा, हकिमाची चिठ्ठी वाचून पुड्या बांधणारा. एका ग्रीक हकीकतीने अरबी ग्रंथाचा, ग्रंथाने दुकानाचा, आणि दुकानाने एखाद्या आजारी पोराच्या घराचा रस्ता धरला. त्या बरणीवरचे नाव वाचता येणारी माणसे आता कमी होत आहेत. पुण्यात आझम कॅम्पसवर युनानी महाविद्यालय आहे, तिथे हे ज्ञान अभ्यासक्रमात टिकून आहे. पण तालुक्याच्या बाजारपेठेतले अत्तार आता बहुतेक मसाला आणि अगरबत्तीवर चालतात.

बाहेरचे कोण?

हे सगळे लिहिण्याचे कारण केवळ बागकाम नाही. 'तुम्ही मूळचे कुठले?' हा प्रश्न महाराष्ट्रातल्या मुसलमानाला आयुष्यात कधी ना कधी विचारला जातो. कधी कुतूहलाने, कधी टोचून. माझ्या वर्गात उर्दू आणि मराठी दोन्ही शिकणारी मुले आहेत, आणि या वयातही तो प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचलेला असतो. अशा वेळी मी फळ्यावर एक शब्द लिहिते : 'मृग बहर'. मृग हे नक्षत्र, शब्द संस्कृतचा. बहर फारसीतला, 'बहार' म्हणजे वसंत. हस्त बहर, आंबे बहर यांतही तेच. डाळिंबाची बाग धरणारा कुठलाही शेतकरी, त्याचा धर्म कोणताही असो, याच शब्दांनी वर्ष मोजतो. हे जोडकाम कुठल्या बादशहाच्या हुकमाने झाले नाही. ते बांधावर झाले.

मग मुलांना दसऱ्याचे तोरण आठवायला सांगते. झेंडू हा डेलियाचाच भाऊबंद, एकाच कुळातला आणि एकाच देशातला, मेक्सिकोचा. गुलछडी, जिला आपण निशिगंध म्हणतो, तीही तिथलीच. नारायणगावच्या बाजारातला टोमॅटो, सातगाव पठारावरचा बटाटा, आपल्या ठेच्यातली मिरची, सगळे अमेरिका खंडातून गेल्या पाचशे वर्षांत आलेले. झेंडूला दारावर बांधताना त्याचे मूळ कोणी विचारत नाही, आणि ते योग्यच आहे. विचारले तरी हरकत नाही. उत्तर माहीत असावे, इतकेच.

याचा अर्थ आलेल्याने आपला स्वभाव टाकून द्यावा असा मी काढत नाही. डेलियाने तो टाकलेला नाही. त्याला आजही वर्षातून काही महिने झोप लागते, आणि ती नाकारली तर तो मरतो. त्याने बदलले ते फक्त झोपेचे महिने. मेक्सिकोत तो कोरड्या हिवाळ्यात झोपतो, युरोपात तळघरात, आणि लोणीत वैशाखापासून भाद्रपदापर्यंत मडक्यात. दुसऱ्या बाजूने इथल्या माणसानेही त्याच्यासाठी थोडे केले : आरणीची रीत लावली, राख दिली, अंधारा कोपरा दिला. रुजणे दोन्ही बाजूंनी घडते. आणि पिओनीसारखे जे इथे रुजू शकत नाही, त्याच्याशीही नाते ठेवता येते, बरणीतून आणि पुस्तकातून. त्यासाठी तिला कुंडीत मारण्याची गरज नाही.

ज्यांना यंदा डेलिया करून बघायचा आहे त्यांनी डिसेंबरात फूल आवडले की जातीचे नाव लगेच लिहून ठेवावे, मार्चमध्ये पाणी तोडावे, आणि एप्रिलमध्ये मडके तयार ठेवावे. कंद उचलताना मान जपावी. बाकीचे काम तो झोपेत करतो.